बरणीतली बिअर

भिवंडी,
१२ जानेवारी २०२५

आसावरी,

मागच्या रविवारी चार जणांनी मला सांगितलं की माझी बिअर फक्कड झाली आहे, आणि संध्याकाळी गॅलरीतल्या कोरफडीला बिअरचा वास येत होता. पत्राचं कारण एवढंच आहे. दुसरं काही शोधत बसू नकोस.

सविस्तर सांगतो, कारण अर्धवट माहितीवर तू मत देत नाहीस. वरच्या मजल्यावरचा दर्शन घरी बिअर बनवायचा, आठवत असेल. त्याला पुण्याला नोकरी लागली. जाताना सगळा पसारा माझ्याकडे टाकून गेला: माल्टचे डबे, हॉप्सच्या पुड्या, यीस्ट, एक लांब नळी, बाटल्यांना बूच मारायचं यंत्र. मोठा ड्रम तेवढा त्याच्या आईने पाणी भरायला ठेवून घेतला. "तात्या, पेज करण्याइतकं सोपं आहे," म्हणाला. माल्ट, म्हणजे सातूचा दाट पाक, पाण्यात उकळायचं, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालायची, गार झालं की यीस्ट टाकून झाकून ठेवायचं, आणि मग वाट बघायची. वाट बघायचा मला आता बऱ्यापैकी सराव झाला आहे. कायद्याचं म्हणशील तर खालच्या वकिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तात्या, तुम्ही मला हे विचारलंच नाही असं मी समजतो," आणि पहिला ग्लास त्यांनीच पुढे केला.

तर रविवारी वकील, शेजारचे देशमुख आणि शाळेतले माझे दोन जुने सोबती आले होते. देशमुखांनी एक घोट घेतला आणि गाणं ऐकावं तसे डोळे मिटून बसले. "परदेशी वाटते हो!" वकील म्हणाले, "विकायला काढा." थोड्या वेळाने सगळे गॅलरीत हवा खायला गेले आणि रिकामे ग्लास घेऊन परत आले. मी खूश. ते गेल्यावर बघतो तर कोरफडीची कुंडी ओलीचिंब. तिला मी आठवडाभर पाणी घातलं नव्हतं.

आता विचारू कुणाला? तोंडावर खरं बोलणारं एकच माणूस मला माहीत आहे. ते हल्ली दिघाशीला राहतं आणि त्याच्याशी माझं बोलणं नाही. बोलणं नाही ते नाहीच, म्हणून लिहितोय. फोनवर लोक अंगठा दाखवून मोकळे होतात. मला अंगठा नको, चव हवी आहे.

तुझ्या नवऱ्याचा, किशनचा टेम्पो धामणकर नाक्यावर येतो, त्याच्या हाती एक बाटली पाठवतोय. मुलीला बिअर पाठवणारा बाप शोभतो का, असं तुझ्या आईने विचारलं असतं. पण ती असती तर ही वेळच आली नसती. गार करून प्या. तू दिवसभर गोदामात लोकांचा माल तपासतेस आणि वाईट तेवढा बाजूला काढतेस, तशी ही एक बाटली तपास. फक्त बिअरबद्दल लिही.

ग. वि. दातार


भिवंडी,
३ फेब्रुवारी

आसावरी,

रिकामी बाटली पोचली. तिच्यावर तुमच्या गोदामातला लाल 'रिजेक्ट'चा स्टिकर होता, तोही पोचला. खाली पेनाने लिहिलेलं वाचलं: "आंबट आहे. लोणच्याचा वास येतो. कशात केली?"

छान. सगळ्यात आधी 'प्रिय तात्या' नाही, शेवटी नाव नाही. फक्त लाल स्टिकर.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. पोरगं कितीही ढ असलं तरी त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी 'समाधानकारक' लिहिलं. मुख्याध्यापक चिडायचे. पण काही बापांना पट्टा काढायला फक्त निमित्त लागायचं, आणि ते निमित्त माझ्या अक्षरात मिळू नये एवढं मी पाहिलं. त्यातली काही पोरं आज यंत्रमागावर मुकादम आहेत, एकाची स्वतःची गोदामं आहेत, आणि भर नाक्यावर गाडी थांबवून पाया पडतात. तुझ्या लाल स्टिकरच्या पाया कोण पडतं?

आंबट असेल, मान्य. यीस्ट जुनं असेल. आपल्याकडची हवाही अशी, की सकाळी विरजलेलं दूध दुपारी दही होतं. पण लोणचं? हा तुझ्या नाकाचा कल्पनाविलास आहे. भांडं घरातलंच आहे. मोठं आहे, झाकणाचं आहे, स्वच्छ आहे. त्याची चौकशी करायचं कारण नाही.

खरं बोलायला मी नको म्हणत नाही. पण किती बोलायचं आणि कुणाला, हे तुला लहानपणापासून कळलं नाही. डॉक्टर मला एकट्याला बाजूला घेऊन बोलले होते. काही उरलेलं नाही, म्हणाले. मी घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं की ॲसिडिटी आहे, तिखट बंद; खरं फक्त तुला फोनवर सांगितलं. ती बरं म्हणाली आणि शांत झोपली. मी एक दिवस पेन्शनच्या कामाला ठाण्याला गेलो आणि परत येतो तर तिला सगळं माहीत. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. "आसूनं सांगितलं," म्हणाली, आणि मला चहा टाकला. त्यानंतर ती तशी शांत पुन्हा झोपली नाही. मी रोज शेजारी पडून ऐकत होतो, तू नव्हतीस. तिचे ते शेवटचे महिने तू खराब केलेस असं मी तेराव्याला म्हणालो होतो, आणि आजही म्हणतो.

असो. विषय बिअरचा होता. दुसरी खेप लावली आहे.

ग. वि. दातार


भिवंडी,
१६ मार्च

चि. आसावरी,

किशन काल बाटली न्यायला वर आला होता, तेव्हा त्याने स्वयंपाकघरात पाहिलं. म्हणजे तुला कळलंच असणार. त्याने सांगण्याआधी मीच सांगतो, असं लिहिणार होतो, पण तो टेम्पो चालवता चालवताच तुला फोन करतो हे मला ठाऊक आहे.

होय. आईची बरणी आहे. मोठी, वरून तपकिरी आणि खालून पांढरी, लोणच्याची.

मी ओल्या फडक्यात गुंडाळून, बादलीत उभी करून ठेवली होती, गार राहावी म्हणून. किशन तिच्याकडे बघत राहिला. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"तात्या, ह्या बरणीत लोनचा व्हता ना?"

"होता. आता नाही."

"धुतली?"

"सोड्याने घासली. उकळतं पाणी ओतलं. दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली."

"न्हाय निघाचा तो वास," तो म्हणाला. "भेगांत बसतं. तुमी बगा, आत किती बारीक भेगा हायत. आमच्या आयची अशीच व्हती. तिच्यात पानी ठेवला तरी लोनचा लागं."

मी म्हणालो, बघू. तो बिचारा बाटली घेऊन गेला.

आता तू विचारशील की दुसरं भांडं नव्हतं का. होतं. पातेली आहेत, पाण्याचा हंडा आहे, आणि प्लॅस्टिकचा ड्रम बाजारात कुठेही मिळतो. पण ती बरणी फळीवर रिकामी उभी असायची. आईने केलेलं शेवटचं लोणचं संपत आलं होतं, उरलेलं मी एका काचेच्या बाटलीत काढून ठेवलं. मग बरणी रिकामी झाली. सकाळी चहा करताना समोर ती. रात्री दिवा घालवताना समोर ती. तिच्यात काहीतरी असावं, काहीतरी मुरत असावं, असं मला फार वाटायला लागलं. दर्शनचं सामान त्याच आठवड्यात आलं. बाकी तू समज.

तर बरणी मी बदलणार नाही. वास लागतो तर लागू दे. हिंग आणि मोहरीची बिअर कुणी केली नसेल, मी केली. स्टिकर तुला हवा तो लाव.

दुसऱ्या खेपेला देशमुखांनी "मागच्यापेक्षाही सरस" असं म्हटलं. कोरफड आता पिवळी पडत चालली आहे.

तात्या


भिवंडी,
२१ एप्रिल

चि. आसावरी,

काल मी तुमच्याकडून एकही शब्द न बोलता निघालो, तेव्हा हे पत्र लिहिणं भाग आहे. 'चहा घेऊन जा' असं तुझ्या सासूबाई, मैनाबाई, म्हणत होत्या, तरी मी टेम्पोत जाऊन बसलो. त्यांना माझ्यातर्फे सांग की त्यांच्या चहाशी माझं काही वाकडं नव्हतं.

तू लिहिलं होतंस, "बरणी सोडा. पटत नसेल तर रविवारी बाटल्या घेऊन इकडे या. आमच्या अंगणात कोरफड नाही." ते वाचून मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं. म्हणून आलो. तुला वाटलं असेल की म्हातारा विरघळला. तसं नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं की माझी बिअर कशी आहे.

तुझ्या सासऱ्यांनी, चिंधूभाऊंनी, खाट टाकली, पाणी दिलं. "बसा मास्तर. लई दिसांनी आलाव." तू घर बांधल्यापासून मी पहिल्यांदाच आलो हे ते चांगलं जाणून होते, पण 'लई दिसांनी' म्हणाले. मी बाटली उघडली. फेस बरा आला. त्यांनी ग्लास हातात घेतला, जरा वाकले, आणि धरतरीला आणि वाडवडिलांना म्हणून अंगणात थोडी ओतली. किशनने आधी सांगितलं होतं, त्यांच्या घरी कुठलंही पेय आधी असं जमिनीला देतात. मी आदराने बघत होतो. चिंधूभाऊ ओतत होते. ओततच होते. निम्मा ग्लास गेला तेव्हा कुठे थांबले. मग उरलेली एका दमात प्याले, मिशी पुसली आणि म्हणाले, "बेस हाय, मास्तर."

मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, किती श्रद्धा आहे या माणसाची.

नंतर मागे मोरीपाशी तू ग्लास विसळत होतीस आणि मी हात धुवायला आलो. मी म्हणालो, बघ, चिंधूभाऊंना आवडली, आईची बरणी काही एवढी वाईट नाही. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तात्या, बरणीचं सोडा. तुम्ही फेब्रुवारीत जे लिहिलंत त्याचं सांगते. आईला मी आपणहून सांगितलं नव्हतं. तिनं मला विचारलं होतं."

मी म्हणालो, तिला विचारायचं तर मला विचारलं असतं. मी घरातच असायचो.

"मी पण तेच म्हटलं तिला. तात्यांना विचार. तर हसली. म्हणाली, तुझ्या तात्यांना विचारलं तर ते म्हणतील, उत्तम."

एवढंच बोललीस आणि पुन्हा ग्लास विसळायला लागलीस. मी टेम्पोत जाऊन बसलो.

 अंबाडी गाव मागे पडल्यावर किशन बिअरवर आला. "तात्या, राग नका मानू. बाबानं निम्मी ओतली ती बगितली ना?"

मी म्हणालो, हो, मोठी भक्ती आहे.

"भक्ती हाय. पन आमच्या घरात पावन्याच्या वस्तूला नाव न्हाय ठेवत. आवडला तं दोन थेंब घालाचं. न्हाय आवडला तं वाडवडलांना जरा जास्ती घालाची. ते कुरकुर न्हाय करत." मग गिअर बदलत म्हणाला, "एवढी जास्ती मी कंदी न्हाय बगितली."

मी खिडकीची काच खाली केली. देशमुखांनी माझी बिअर कुंडीत ओतली आणि चिंधूभाऊंनी अंगणात ओतली. पण चिंधूभाऊंनी माझ्या समोर ओतली. बघणाऱ्याला कळावं अशी ओतली. न बघणारा मी.

रात्रभर विचार करतोय, तो लिहितो. तुझ्या आईचं लोणचं खारट व्हायचं. तुलाही माहीत आहे, तू ताटात डाव्या बाजूला फोड तशीच ठेवायचीस आणि ती तुला रागवायची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने घाबरत घाबरत विचारलं होतं, कसं झालंय? नवी नवरी, तिच्या हातचं पहिलं लोणचं. मी म्हणालो, उत्तम. दुसऱ्या वर्षी, उत्तम. वरणाला उत्तम, साडीला उत्तम, तिने वाचनालयाच्या अंकासाठी एक लेख लिहिला होता त्यालाही उत्तम. मग केव्हातरी तिने विचारायचं बंद केलं. मला वाटलं, आता हिला खात्री झाली, सुखात आहे. आता वाटतं, तिला कळलं होतं की इथे विचारून काही हाती लागत नाही.

मी अजूनही म्हणतो की मी तिला ॲसिडिटी सांगितलं ते तिच्यासाठीच सांगितलं. यात मला माघार घ्यायची नाही. मी पुन्हाही तसंच सांगितलं असतं. पण तिला जेव्हा आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न पडला, तेव्हा रोज शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसणाऱ्या मला सोडून, मी ठाण्याला गेल्यावर तिने तुला फोन केला. हे मला फार लागलंय, आसू. तिचं जाणं लागलं तितकंच लागलंय.

राहिलेले माल्टचे डबे आणि सगळं सामान तुमच्या ओटीवर सोडून आलोय. मला आता बिअर करायची नाही. तुम्हाला उपयोग नसेल तर टाकून द्या.

एक विचारतो. तू सांगितलंस तेव्हा ती काय म्हणाली? रडली का? घाबरली का? मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस. जसं झालं तसं लिही.

तुझा
तात्या


भिवंडी,
८ जून

चि. आसूस, अनेक आशीर्वाद.

हे दोन शब्द पहिल्या पत्रात लिहायचे राहिले होते, ते आता घे.

तुझं उत्तर आलं त्याला महिना होऊन गेला. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण रोज काढून वाचायचो आणि रोज परत ठेवायचो. "रडली नाही.  मग विचारलं, कैऱ्या कधी येतात गं बाजारात? मी म्हटलं, अजून महिना आहे. म्हणाली, मग जमेल."

मग जमेल. तिचा आवाज मला अगदी तसा ऐकू आला.

त्या वर्षी तिने बरणी काठोकाठ भरली होती. मी म्हणालो होतो, "दोघांना एवढं कशाला? संपणार तरी केव्हा?" ती म्हणाली, "असू दे. पुरेल." मी मोहरी फेसायला बसलो होतो, तिच्याने होत नव्हतं म्हणून. तिने मीठ घातलं, मी बघितलं, मूठभर जास्त. बोललो नाही. ती शेजारी जागी पडून असायची ते भीतीने, असं मी धरून चाललो होतो. घाबरली असेलच. पण तुझं पत्र वाचल्यापासून असं वाटतं, की ती पडल्या पडल्या हिशेब करत होती, माझ्या जेवणाचं पुढे काय, मला किती दिवस पुरेल. आपल्या हाताशी किती वेळ आहे ते ठाऊक असल्याशिवाय कोणी बरणी अशी भरत नाही. तू तिला ते सांगितलंस म्हणून मी दोन वर्षं तिच्या हातचं खाल्लं. तेराव्याला जे बोललो ते मी परत घेतो. तुझ्यासमोर येऊनही म्हणेन, पण लिहून ठेवलेलं बरं, आयत्या वेळी माझ्या तोंडून 'उत्तम'च निघायचं.

आता मुद्द्यावर येतो.

परवा किशन तुझी बिअर घेऊन आला. मी टाकून द्या म्हटलेल्या सामानातून तुम्ही दोघांनी हंड्यात केलीत म्हणे. बाटलीच्या गळ्याला दोन स्टिकर लोंबत होते, एक लाल, एक हिरवा, आणि चिठ्ठी: "तात्या, आता तुमची पाळी. एक लावून परत पाठवा." किशन दाराशी उभा राहून बघत होता. म्हणाला, "ती बोलली, त्यांच्या तोंडाकडं बगून ये." मी त्याला म्हणालो, तुझ्या बायकोला गोदामात बढती द्यायला हवी, आणि त्याला हाकलून दिला. अशा गोष्टी एकट्यानेच कराव्यात.

ग्लास धुतला, पुसला. बाटली गार केली होती. पहिला घोट घेतला आणि खरं सांगतो, माझ्या हाताने टेबलावरचं पेन उचलून कागदावर 'उत्तम' लिहूनही टाकलं होतं. हाताला लागलेली सवय. तो कागद फाडला. तू माझी मुलगी, तुझ्या हातची पहिली बिअर, कष्टाने केलेली, एवढ्या लांबून आलेली. तिला वाईट कसं म्हणायचं? मी उठून गॅलरीत गेलो. कोरफड जगली आहे बरं का, तिला बाजूने नवा कोंब आला आहे. तिच्याकडे बघितलं, ग्लासकडे बघितलं, आणि परत येऊन बसलो.

तर लिहून घे. फेस चांगला आहे, रंग सुरेख आहे. वास घेतला की पिकलेल्या केळ्यांची आठवण येते, आणि ती चांगली आठवण नाही. मे महिन्यात हंडा पत्र्याखाली ठेवलात ना? दर्शनने सांगितलं होतं, यीस्टला उकाडा झाला की असं होतं, म्हणून तर मी बरणी ओल्या फडक्यात ठेवत होतो. कडवटपणा पुरेसा नाही, हॉप्स शेवटी शेवटी घातलेत की घाबरत घाबरत कमी घातलेत ते तुला ठाऊक. आणि पाणचट आहे. एका डब्यात जितकी व्हायला हवी त्यापेक्षा जास्त केली आहेस. सगळ्या घराला पुरावी असं वाटलं असेल. तेवढं तू आईवर गेली आहेस.

लाल लावला आहे. नीट, सरळ, दोन्ही कडा दाबून.

लावताना वाटलं की आता तू पुन्हा बोलणार नाहीस. मग वाटलं, मला बाटली पाठवतेस ती हे ऐकायलाच. आजवर कुणी माझ्याकडे खरं ऐकायला आलं नव्हतं.

हिरवा स्टिकर परत पाठवत नाही, माझ्याकडे ठेवला आहे. तो मिळवायचा असेल तर पुढची खेप इथे येऊन लाव. इथे वकिलांच्या तळमजल्यावरच्या खोलीत दुपारीही गारवा असतो, आणि दर्शनच्या आईकडून मी ड्रम परत मागून आणला आहे. बरणी बिअरला देणार नाही. ती घासून, कोरडी करून पुन्हा फळीवर ठेवली आहे. तिच्यात आता बिअरचा वास येतो, पण किशन म्हणतो हिंगापुढे तो टिकणार नाही.

रविवारी या, तू आणि किशन. चिंधूभाऊ आणि मैनाबाई आले तर मला आनंदच होईल, चिंधूभाऊंसाठी मी गॅलरीत माती घातलेली एक रिकामी कुंडीच ठेवतो, त्यांनी ती मनसोक्त भरावी. जेवायला वरण-भात आणि काचेच्या बाटलीतल्या आईच्या लोणच्याच्या उरलेल्या दोन फोडी आहेत. एक तू घे, एक मी घेतो. खारटच आहेत, पण आपण दोघांनी ते एकदा तिच्या नावाने मोठ्याने म्हणू.

बाजारात कैऱ्या आल्यात. मी निवडून आणून ठेवल्या आहेत, कडक, आंबट, तिला लागायच्या तशा. मोहरी फेसायचं काम माझं. मीठ तू घाल, आणि मी हात धरून सांगीन, आसू, बास.

तुझे
तात्या